मालिकेतलं माणूस बदललं की तुमच्या घरात काय होतं? (निमित्त: पूर्णा आजी)

पागोळी

आमच्याकडे रिमोट आईच्या ताब्यात. वय ७६, चष्मा कपाळावर, पुढ्यात निवडायची मेथी. 'ठरलं तर मग'च्या प्रोमोत रोहिणी हट्टंगडी दिसल्या तशी तिने मेथी बाजूला सारली आणि म्हणाली, "अगं, ही तर गोखल्यांची आईआजी! ही सुभेदारांकडे काय करतेय?"

म्हटलं, आई, आता ह्याच पूर्णा आजी.

"असं कसं? पूर्णा आजी गेल्या ना?"

यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून हा धागा.

जे 'ठरलं तर मग' (ठतम) बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सुभेदार हे त्या मालिकेतलं घर. आणि गोखल्यांची आईआजी म्हणजे रोहिणीताईंचं 'होणार सून मी ह्या घरची'मधलं काम. ज्योती चांदेकर या मालिकेत पूर्णा आजी करायच्या. १६ ऑगस्ट २०२५ ला, दहीहंडीच्या दिवशी, त्या पुण्यात गेल्या. बातमी ऐकल्यावर आईने त्या रात्री टीव्ही लावू दिला नाही. "घरातलं माणूस गेलंय आणि मालिका कसल्या बघता?" आता आईला नट आणि पात्र यातला फरक कळत नाही असं समजू नका. सिंधुताईंच्या सिनेमात थोरल्या सिंधुताई ज्योतीताई होत्या आणि धाकट्या त्यांचीच लेक तेजस्विनी पंडित, हे मला आईनेच सांगितलं होतं. फरक तिला नीट कळतो. फक्त बाई आणि आजी यांचा हिशोब तिने एकाच वहीत मांडलाय.

माझं मत विचाराल तर मालिकेनेही आजीला जाऊ द्यायला हवं होतं. दिवाणखान्यात फोटो, त्याला हार, एक भाग त्यात गेला असता तर कुणी तक्रार केली नसती. रोहिणीताईंबद्दल बोलायची माझी पात्रताच नाही, प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न हा की काल एक चेहरा होता, आज दुसरा आहे, आणि घरातलं कुणीही दचकत नाही. दचकायचं फक्त आपण.

तुमच्या घरी काय होतं?

रिमोट_कुणाकडे

आमच्याकडे नवरा ताटातून मान वर न करता विचारतो, "ही कोण नवीन?" गेली सात वर्षं विचारतोय. एकदा तर जुनीच होती.

टोमणेबहाद्दर

सुभेदार बरे म्हणायचे. 'तारक मेहता'च्या गोकुळधाम सोसायटीत दया भाभी २०१७ पासून माहेरी आहे. आमच्या मुलीचा जन्म, बारसं, शाळा सगळं झालं, दया भाभी अजून अहमदाबादहून निघतेय. डॉक्टर हाथी गेले, दुसरे आले. नट्टू काका गेले, दुसरे आले. टप्पू तर तिसरा चालू आहे. पण दया भाभीच्या जागी कुणाला आणायची छाती झाली नाही. म्हणजे कोण बदलता येतं आणि कोण नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं.

उंबरा

पागोळी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पण आजीला जाऊ द्यायला हवं होतं, हे मला नाही पटत. आमच्या सासूबाईंपुढे मी अगदी हेच बोलले होते. त्या म्हणाल्या, "एका बाईचं दोनदा मरण कशाला बघायचं?" त्यांच्या मते बातम्यांत एकदा पाहिलं ते पुरे. मालिकेत पुन्हा तेच, वर सनई-व्हायोलिन लावून, तीन कोनांतून दाखवणार. त्यापेक्षा दुसरी बाई बसू दे त्या खुर्चीत.

शिवाय गोष्टीचाही विचार करा. सायलीला नातसून म्हणून स्वीकारायला आजीच सगळ्यात आढेवेढे घेत होती, कारण तिला अर्जुनसाठी तन्वी हवी होती, प्रतिमाची मुलगी, म्हणजे तिची स्वतःची नात. आणि खरी तन्वी कोण, तर सायली. हे आजीला कळतं तो प्रसंग म्हणजे मालिकेचा कळस. आई, बाबा, काका कुणालाही कळलं तरी आजीला कळण्याची सर नाही. ती आधीच भिंतीवर जाऊन बसली तर तो प्रसंग खेळायचा कुणाबरोबर? आश्रम केसच्या निकालासाठी अडीच वर्षं ताटकळलो ते काय फोटोला सांगायला?

ही मालिका 'रोजा' नावाच्या तमिळ मालिकेवरून घेतलीय हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. तिच्यातही आजी भक्कम आहे, नाव अन्नपूर्णी, काम वडिवुक्करसी यांचं. घराचा खांबच तो. खांब काढून छप्पर कसं राहील?

घाटवळण

अवांतर: अर्जुन आत्याच्या मुलीशी लग्न करतोय हे फक्त मलाच खटकतं का? आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीला मामाची पोरगी चालते, आत्याची नाही. तमिळ गोष्ट जशीच्या तशी उचलली की असं होतं.

उंबरा

@घाटवळण, नाही, तुम्ही एकटे नाही. सासूबाई पहिल्या महिन्यापासून हेच म्हणताहेत. आता सवय झाली त्यांना. हल्ली म्हणतात, "शहरातली माणसं, असेल त्यांच्यात."

आंब्याचो_मोर

राखेचाचो, म्हणजे 'रात्रीस खेळ चाले'चो विषय कोणी काढूक नाय अजून? शेवंता ती एकच. अपूर्वा नेमळेकर. तिसऱ्या भागात मधीच ती गेली नि कृतिका तुळसकर इली. पोरगी बरी होती, काम बरा होता, पण आमच्या आवशीन शेवटपर्यंत तिका शेवंता म्हटल्यान नाय. "ती नवीन भूत" असाच म्हणायची.

आता प्रमाणभाषेत लिहितो, नाहीतर ॲडमिन ओरडतील. सगळ्यांचं म्हणणं असं की भुताचं पात्र बदलायला सोपं, कारण भूत कसंही दिसू शकतं. झालं उलटंच. अण्णा नाईक बदलले नाहीत, माधव अभ्यंकर शेवटपर्यंत तेच. वाडाही तोच, आकेरीचा. आजूबाजूला सगळं जुनं आणि मधोमध चेहरा नवा, मग तो जास्तच टोचतो. बदलायचंच तर सगळं बदला, नाहीतर काहीच नको.

सुपारी_फुटली

सगळं बदललं तर काय होतं तेही आपण बघितलंय. 'अग्गबाई सासूबाई' आठवा. आजोबा रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये गेले, ऐंशीच्या पुढचे होते. त्या वयात, त्या कोरोनाच्या वर्षात ते सेटवर येत होते. त्यांचं ते "कोंबडीच्या!" आमच्या घरात अजून चालतं, कुकरची शिट्टी झाली नाही तरी चालतं.

मग मार्च २०२१ मध्ये मालिका 'अग्गबाई सूनबाई' झाली आणि आजोबा झाले मोहन जोशी. पण त्याच वेळी तेजश्री प्रधानच्या जागी उमा पेंढारकर, आशुतोष पत्कीच्या जागी अद्वैत दादरकर. एका रात्रीत अर्धं घर नवं. जुने राहिले आसावरी आणि अभिजित राजे. झालं काय, की आजोबा गेल्याचं वाईट वाटायला जागाच उरली नाही. सगळेच पाहुण्यासारखे वाटत होते, त्यातले एक आजोबा. मोहन जोशींसारखा नट असून हे झालं.

आणि तो बबड्या, आसावरीचा मुलगा! 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये (मानबा) राधिकावर जीव टाकणारा सौमित्र तो हाच अद्वैत दादरकर. आमच्या आत्याने महिनाभर त्याला वाईट म्हणायला नकार दिला. "तो चांगला मुलगा आहे, परिस्थितीने झाला असेल."

रिमोट_कुणाकडे

@सुपारी_फुटली, "परिस्थितीने झाला असेल" 😂😂 आत्याबाईंना धाग्यावर आणा.

अस्सल_निर्विकार

मला एक कळत नाही. इतका वेळ मिळतो कुठून तुम्हाला? जगात किती उत्तम काम चाललंय. चार-सहा भागांत गोष्ट संपते, चेहरा बदलायचा प्रश्नच येत नाही.

टोमणेबहाद्दर

@अस्सल_निर्विकार, मिळतो बुवा. तुम्हाला धागा वाचून प्रतिसाद द्यायला मिळाला तसाच.

बर्फातली_बाई

मी भारताबाहेर. आमच्याकडे आईशी व्हिडिओ कॉल आणि मालिका एकाच वेळी चालतात, म्हणजे माझ्या फोनवर अर्धी आई आणि मागे अर्धा टीव्ही.

इंग्लंडच्या राणीवरच्या 'द क्राउन'मध्ये दर दोन सीझननंतर सगळा संच बदलला. आधी क्लेअर फॉय, मग ऑलिव्हिया कोलमन, मग इमेल्डा स्टॉन्टन. मला एकदाही त्रास झाला नाही. विचार केला की असं का? एक तर आधीच सांगून केलं होतं. वय वाढलं, माणूस बदललं, हे कारण पटतं. दुसरं म्हणजे राणीशी माझं नातं काय? वर्षातून एकदा दहा भाग, संपलं.

पूर्णा आजी रोज येते. आई आणि मी जे बोलतो त्यात निम्मं तिच्याबद्दल असतं. माझ्या सख्ख्या आत्यापेक्षा पूर्णा आजीची तब्येत मला जास्त माहीत होती, आणि हे लिहिताना मला थोडी लाज वाटतेय.

तिसरी_घंटा

नाटकवाल्यांनी या धाग्यावर बोलायलाच हवं. आमच्याकडे ह्याला रिप्लेसमेंट म्हणतात आणि त्यात काही अशुभ नाही. 'नटसम्राट' १९७० मध्ये आलं तेव्हा अप्पा बेलवलकर डॉ. लागू. मग दत्ताराम आले, यशवंत दत्त आले. लोक वाद घालत, कुणाचे अप्पा मोठे, पण "हे अप्पा नव्हेतच" असं म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. भूमिका ही अंगरख्यासारखी. एकाने उतरवला की दुसऱ्याने घालायचा, फक्त त्याला खांद्यात बसला पाहिजे.

मालिकेचा प्रेक्षक इतका हळवा का होतो, मला खरंच समजत नाही.

पागोळी

@तिसरी_घंटा, अंगरखा आवडला. पण नाटक रोज पहिल्यापासून सुरू होतं ना? अप्पा रात्री मरतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्या अंकात उभे राहतात. तुमच्याकडे कालची आठवण नसते. मालिकेला असते. सायली रडताना जुना प्रसंग आठवते, तेव्हा आठवणीत कोण दाखवायचं? जुन्या आजी दाखवल्या तर आईच्या डोळ्यांत पाणी, नव्या दाखवल्या तर ती म्हणणार, "हे असं झालंच नव्हतं." म्हणजे एक माणूस बदललं की मागचे सगळे भाग कुलूपबंद. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं.

कटपेस्ट

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही. मी मालिकांच्या एडिटिंगमध्ये सात-आठ वर्षं काढली. कुठल्या ते विचारू नका.

पागोळींनी आठवणीच्या प्रसंगांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. रिप्लेसमेंट झाली की पहिलं काम म्हणजे लेखकाला निरोप: अमुक पात्राचे फ्लॅशबॅक लिहू नका. दुसरं काम आर्टवाल्यांचं, भिंतीवरच्या फॅमिली फोटोचं. तो उतरवतात, नाहीतर नव्याने काढतात. काढायला सगळे कलाकार एका दिवशी सेटवर हवेत, आणि ते जमता जमत नाही. म्हणून बघा, पुष्कळ घरांत मधेच एका भिंतीवर अचानक गणपती येतो.

माणूस अचानक आजारी पडलं तर काय करतात तेही सांगतो. आधीच शूट झालेल्या चार-सहा भागांची बँक असेल तर नशीब. नसेल तर आज शूट, उद्या एडिट, परवा टेलिकास्ट. अशा वेळी त्या पात्राचे संवाद रातोरात दुसऱ्याच्या तोंडी जातात. तुम्हाला वाटतं, आज काकू अशा शहाण्यासारख्या का बोलताहेत? ते मूळचे आजीचे असतात. मग एकतर्फी फोन. "हो का आजी? बरं. काळजी घ्या. इकडची चिंता करू नका." फोनच्या पलीकडे कुणी नसतं, माझा असिस्टंट पलीकडून हं-हं करायचा. मग देवदर्शन, मग भाचीचं बाळंतपण. हेही पुरेनासं झालं की पाठमोरी डुप्लिकेट, डोक्यावर पदर, खिडकीकडे तोंड.

नवा कलाकार आला की पहिल्या भागात एक खेळ असतो, आता तो तुम्हाला दिसायला लागेल. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून बावीस-तेवीस मिनिटं उरतात. तेवढ्यात घरातला प्रत्येक जण त्याला नावाने हाक मारतो. "आजी, तू आलीस!" "आजी, बस ना." "आजीला पाणी दे." एरवी कुणी कुणाला इतकं नावाने बोलावत नाही. ते घरातल्या माणसांसाठी नसतं, तुमच्यासाठी असतं. आणि पात्राची जी ठरलेली धून असते ती त्या भागात जरा मोठ्याने वाजवायची. चेहरा नवा असला तरी कान जुनाच ऐकतो, मग डोळे हळूहळू मागून येतात. आठवडा लागतो. तोवर गुरुवारी टीआरपी येतो तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा.

एक सांगतो, निर्णय कुणी मजेत घेत नाही. जाणाऱ्यासाठी सेटवर जे रडतात ते खरं रडतात. आणि मग तोंड धुऊन, मेकअप करून, नव्या माणसाला तीच हाक मारतात.

उंबरा

@कटपेस्ट, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या गणपतीवर फारच हसल्या. आता प्रत्येक मालिकेच्या भिंती तपासताहेत.

घाटवळण

खरंय, 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये नंदिता वहिनी बदलली तेव्हाही असाच हाकांचा सपाटा होता. धनश्री काडगावकर बाळंतपणासाठी गेली, माधुरी पवार आली. आमच्याकडे मात्र तक्रार कमी झाली, कारण वहिनी खलनायिका होती. वाईट बाई कोणीही असो, शिव्या त्याच द्यायच्या. वसगड्याचा वाडा बघायला लोक गाड्या करून जायचे त्या दिवसांत. त्यांना वहिनी दोन झाल्या याचं काही नव्हतं, वाडा तोच आहे ना, मग झालं.

चांगलं माणूस बदललं की मात्र त्रास होतो. बाईंना विचारा, राणादा बदलला असता तर काय झालं असतं ते.

सुपारी_फुटली

@घाटवळण, हा नियम शनायाला लागत नाही हं! मानबाची शनाया पक्की खलनायिका. रसिका सुनील २०१८ मध्ये शिकायला अमेरिकेला गेली, ईशा केसकर आली. म्हणजे 'जय मल्हार'मधली बानू! देवाची बायको थेट गुरुनाथच्या मागे! आमच्या गल्लीत त्यावर चर्चासत्र झालं असतं. लोकांना ईशाची सवय होते न होते तोच २०२० मध्ये रसिका परत. एकाच पात्राचे तीन प्रवेश, आणि गुरुनाथला काहीच कळलं नाही. तसं त्याला एरवीही काय कळत होतं म्हणा.

रिमोट_कुणाकडे

'प्रेमाची गोष्ट'चं बोला की कोणीतरी. जानेवारी २०२५ मध्ये तेजश्री प्रधान गेली, मुक्ता झाली स्वरदा ठिगळे. मला स्वरदा ताराराणीच्या मालिकेपासून आवडते, पण इथे जे झालं ते नायिकेचं बदलणं. आजी बदलली तर घर सावरून घेतं. नायिका बदलली तर रात्री सागरने नक्की कुणाशी बोलायचं? मी पंधरा दिवस बघून सोडली. यात त्या मुलीचा काय दोष?

आणि ऑगस्टमध्ये तेजश्री 'वीण दोघांतली ही तुटेना'मध्ये सुबोध भावेंबरोबर आली, तेव्हा मी तिथे. माझा नवरा ताटातून मान वर न करता, "ही ती बदललेली ना?"

बर्फातली_बाई

सगळ्यात जुनी केस राहिलीच, हिंदी असली तरी आपल्या सगळ्या आयांनी बघितलेली. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर. अमर उपाध्यायचा मिहीर मेला तेव्हा केवढा गहजब झाला होता. मग जिवंत झाला, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय, आणि आता २०२५ मध्ये नव्याने सुरू झालीय त्यात पुन्हा अमर उपाध्याय. आई म्हणते, "शेवटी आला ना घरी." तिच्या मते मधली वीस-बावीस वर्षं तो बाहेरगावी होता.

तिसरी_घंटा

@पागोळी, @कटपेस्ट, तुमचं वाचून माझं मत थोडं हललं, मान्य करतो. आठवणीचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. पण एक सांगू? हट्टंगडी बाईंना रंगभूमीची शिस्त आहे. कस्तुरबांच्या कामासाठी बाफ्टा मिळालेली बाई, 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग ओढलेली बाई. परवा मी मुद्दाम दोन भाग बघितले, फक्त त्या काय करतात ते बघायला. त्या ज्योतीताईंची नक्कल करत नाहीत. आवाज तसा काढायचा प्रयत्न नाही, मान तशी हलवायची नाही. अंगरखा स्वतःच्या मापाने घालून बसल्यात. कमी ताकदीच्या नटाने नक्कल केली असती, आणि मग तुमच्या आईंना खरंच राग आला असता.

पागोळी

@तिसरी_घंटा, हे आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोय तो? मी ओळखते तिला."

आणि मग तिचा तोडगा समजला. इतके दिवस मला वाटत होतं ती रुसून बसलीय. तसं नाहीय. आईच्या मते पूर्णा आजी गेल्या. सुभेदारांच्या घरात मोठं कुणी उरलं नाही. कल्पनाला, म्हणजे अर्जुनच्या आईला, एकटीला झेपेना. म्हणून गोखल्यांच्या आईआजी आता तिकडे राहायला आल्यात. श्री आणि जान्हवीचं सगळं मार्गी लागलंय, सहा सासवा आहेत तिथे, आईआजींची गरज नाही. इथे आहे. सगळे त्यांना पूर्णा आजी म्हणतात ते नुसतं म्हणायला, जसं आमच्या वाड्यात आजी गेल्यावर तिच्या धाकट्या जावेला सगळी मुलं आजीच म्हणायला लागली होती.

मी विचारलं, मग अर्जुन कसा म्हणतो, लहानपणी तू मला गोष्टी सांगायचीस?

"मोठ्या माणसाचं मन राखायला म्हणतो. शहाणा आहे तो."

सुपारी_फुटली

साष्टांग. 🙏

उंबरा

सासूबाई म्हणताहेत, सहा सासवा असून जान्हवीचं ते बाळंतपण इतकं लांबलं, आईआजींनी तिकडेच राहायला हवं होतं.

कटपेस्ट

@पागोळी, हे एखाद्या लेखकाला कळलं तर उद्या दोन मालिकांचा महासंगम होईल. कृपया जपून.

पागोळी

बाकीच्यांना नंतर उत्तरं देते. जाहिराती संपल्या आणि आई ओरडतेय, "ये गं, आईआजींनी आज हिरवी नेसलीय."